पांढऱ्या उंदरांचा घरगुती रॅक: वडगावच्या शेडमधलं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: पिल्लं होतात, पण टिकत नाहीत.

घर बेळगावच्या वडगावातलं. पुढं राहती जागा, मागं यंत्रमागाची शेड. सूत महाग, साडीला उठाव नाही, म्हणून वडिलांनी माग थांबवले. तीन भंगारात गेले, चौथा कुणी घेईना म्हणून कोपऱ्यात उभा राहिला. वडगाव, खासबाग, शहापूर ह्या विणकरांच्या पट्ट्यात रिकामी शेड ही आता नवलाची गोष्ट नाही. कुणी ती गोडाऊनला देतं, कुणी शिकवणी चालवतं. ह्या घरातल्या धाकट्या मुलानं तिथं पांढरे उंदीर पाळायला घेतले. कॉलेज सांभाळून चार पैसे सुटावेत, एवढाच हिशोब. गोवा, कोल्हापूर, पुण्याकडची पाळीव प्राण्यांची दुकानं हौसेसाठी उंदीर घेतात. बॉल पायथनसारखे परदेशी साप रीतसर नोंदवून पाळणाऱ्यांनाही खाद्य म्हणून ते लागतात. आजीचा मात्र पहिल्यापासून विरोध. “घुशीला सापळा लावायचा आणि उंदराला नळ जोडून द्यायचा, हे कुठलं रे शहाणपण?”

मी एका फार्मसी कॉलेजच्या प्राणीगृहात बरीच वर्षं काढली. त्यामुळं ओळखीपाळखीतून असे फोन येतात. बहुतेकांना फोनवरच चार गोष्टी सांगून भागतं. इथं जाऊन बघावं लागलं, कारण पोरानं सांगितलेल्या सगळ्या गोष्टी बरोबर होत्या. खाणं बरोबर, नर-माद्यांचं प्रमाण बरोबर, साफसफाई वेळेवर. तरीही निम्म्याहून जास्त वेतं वाया जात होती.

आधी त्यानं केलेला रॅक कसा होता ते सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे.

चार फूट लांब, दीड फूट खोल, साधारण साडेचार फूट उंच. एक इंची लोखंडी अँगल, तीन मिलिमीटर जाडीचा. पाच ओळी, प्रत्येक ओळीत चार टब, म्हणजे वीस टब. टब पॉलिप्रॉपिलिनचे, सुमारे चाळीस बाय अठ्ठावीस सेंटिमीटर तळाचे आणि पंधरा सेंटिमीटर उंच. टबांना झाकण नाही. वरच्या फळीच्या तळाला बारीक जाळी मारलेली आणि तीच खालच्या टबाचं झाकण. टब ड्रॉवरसारखा आत सरकवायचा, जाळीखाली बसला की बंद झाला. पाणी एका टाकीतून. मागच्या भिंतीवर छताजवळ वीस लिटरचा कॅन, तिथून पाइप खाली, प्रत्येक ओळीला एक फाटा आणि प्रत्येक टबात एक निपल. हे निपल कोंबड्यांच्या शेडमध्ये वापरतात तसले. उंदरानं जिभेनं दांडी हलवली की थेंब पडतो. टब ओढताना रॅक पुढं कोसळू नये म्हणून वरच्या अँगलला दोन फास्टनर मारून तो भिंतीला पक्का केलेला.

वेल्डिंग उद्यमबागेतल्या एका मित्रानं केलेलं. तो मराठी-कन्नड मिसळून बोलतो, काम झालं की “आयतु बिडु”, म्हणजे ‘झालं, सोड’, म्हणून हात झटकतो, आणि त्याचं काम खरंच झालेलं असतं. रॅक गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात होता, रेड ऑक्साइड मारून वर एनॅमल दिलेलं, कडा घासलेल्या. खालची ओळ जमिनीपासून फूटभर वर ठेवलेली, म्हणजे झाडता येतं आणि बाहेरची घूस थेट चढत नाही. एवढा विचार विकतच्या रॅकमध्येही नेहमी दिसत नाही. टब कुरतडले जात नव्हते, कारण आतला भाग गुळगुळीत होता. उंदराला दात लावायला कड लागते. सपाट पृष्ठभागावर त्याचे पुढचे दात घसरतात. हे पोरानं वाचून ठेवलं होतं.

पांढरा उंदीर म्हणजे आपल्या घरातल्या लहान उंदराचीच पाळीव जात. मादीचे दिवस एकोणीस ते एकवीस. एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज. तीन आठवड्यांनी पिल्लं आईपासून तोडायची, सहा आठवड्यांत ती स्वतः प्रजननाला तयार. व्यायल्यावर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. त्यामुळं नर तिथंच असेल तर एक वेत अंगावर पीत असताना दुसरं पोटात वाढतं. कागदावर हिशोब मांडला तर माणूस महिन्याभरात श्रीमंत होतो. पोरानंही तो मांडला होता.

घरात प्रत्येकाचं कारण वेगळं. आईचं म्हणणं, माद्या कोवळ्या आहेत, पहिलटकरणी आहेत. वडिलांना खाण्याचा संशय, कारण मका गिरणीवाल्याकडून सुटा आणलेला. पोराला वाटत होतं वरच्या ओळीतल्या माद्याच खाष्ट आहेत. “काका, तीच पिल्लं खायलीया. जात वाईट हाय त्यांची.” आजी काहीच बोलली नाही, पण तिच्या तोंडावर समाधान दिसत होतं.

मी वही मागितली. वही होती, हे त्या मुलाचं मोठं कौतुक. घरगुती पाळणाऱ्यांपैकी फार थोडे लिहून ठेवतात. प्रत्येक टबाला नंबर, जोडी लावल्याची तारीख, व्यायल्याची तारीख, पिल्लांचा आकडा. पण वेत गेलं की सगळीकडं एकसारखी फुली. मेली असली तरी फुली, गायब झाली असली तरी फुली. मी एका कागदावर रॅकचं चित्र काढलं, पाच ओळी, वीस चौकोन, आणि वहीतली प्रत्येक फुली आपापल्या चौकोनात मांडायला सांगितली. मांडून झाल्यावर कागदावर दोन पट्टे उमटले. सर्वांत खालची ओळ फुल्यांनी भरलेली, सर्वांत वरचीही तशीच. मधल्या तीन ओळींत तुरळक. वाईट जातीच्या माद्या अशा ओळी धरून बसत नाहीत.

मग त्याला आठवून सांगायला लावलं: खालच्या ओळीत काय सापडायचं आणि वरच्या ओळीत काय. उत्तर लगेच आलं. खाली पिल्लं मेलेली सापडायची, अख्खी. वर सापडायचीच नाहीत, किंवा अर्धवट सापडायची. म्हणजे एका तक्रारीत दोन वेगळी प्रकरणं होती आणि पोरगा दोघांवर एकच औषध शोधत होता.

खालची ओळ सोपी निघाली. टब ओढला तर भाताचं तूस मागच्या बाजूला काळपट ओलं. त्यात कालच व्यायलेल्या मादीची पिल्लं. त्यांतलं एक मी तळहातावर घेतलं. अंगाला तूस चिकटलेलं, गार, हालचाल नाममात्र. नुकतं जन्मलेलं पिल्लू दूध प्यायलं असेल तर पोटाच्या डाव्या बाजूला कातडीखाली पांढरा ठिपका स्पष्ट दिसतो. इथं तो नव्हता. बिनकेसाचं पिल्लू स्वतःची ऊब टिकवू शकत नाही. गार पडलं की चोखत नाही आणि चोखलं नाही की आणखी गार पडतं. ओल्या घरट्यात हे काही तासांत संपतं.

ओल कुठून, तर निपलमधून. आणि खालच्याच ओळीत का, तर त्याला कारण शाळेतलं. टाकीतल्या पाण्याची पातळी जमिनीपासून साधारण दोन मीटरवर. सर्वांत वरच्या ओळीचे निपल त्याच्या ऐंशी सेंटिमीटर खाली, सर्वांत खालचे एक मीटर साठ सेंटिमीटर खाली. म्हणजे खालच्या निपलवर वरच्यापेक्षा दुप्पट दाब. हे निपल हलक्या दाबावर चालायचे. दाब वाढला की दांडी पुरती बसत नाही आणि थेंब थेंब गळत राहतं. त्यात तूस जास्त घातलं की त्याचा ढीग दांडीला टेकतो, आणि मग उंदीर नसतानाही पाणी वाहतं. पोरानं निपल दोनदा बदलले होते. नवे निपल चार दिवस चांगले चालायचे, मग तेच.

ओल्या तुसाचा दुसरा त्रास वासाचा. लघवीतल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि ओल मिळाली की हे काम झपाट्यानं होतं. माणसाला उभ्यानं वास कमी येतो, कारण नाक पाच फुटांवर असतं. टबाच्या कडेशी नाक नेऊन बघायला सांगितलं तेव्हा पोराचे डोळे चुरचुरले. पिल्लू त्याच हवेत चोवीस तास असतं. भाताचं तूस आपल्याकडं मुबलक, खानापूर भागातल्या भात गिरण्यांतून स्वस्तात मिळतं, आणि कित्येक प्राणीगृहांत तेच वापरतात. पण ते पाणी फारसं शोषत नाही. मी निम्मा लाकडाचा रंध्याचा भुसा मिसळायला सांगितलं, जाड कुरळा, करवतीची पूड नव्हे. सागवानाचा नको, त्याची धूळ श्वासाला त्रास देते.

वरच्या ओळीनं मात्र विचार करायला लावलं. तिथं टब कोरडे होते. पण तीन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, वरती पत्रा, म्हणजे उकाडा जास्त. दोन, ट्यूबलाइट अगदी डोक्यावर, आणि पांढऱ्या उंदराच्या लाल डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाही. तीन, भिंत. भिंतीपलीकडं शेजाऱ्यांची शेड, आणि त्यांचे माग चालू. मिनिटाला शंभराच्या वर वेळा धोटा इकडून तिकडं फेकला जातो. लहानपणापासून त्या आवाजात वाढलेल्या घरच्यांना तो ऐकूही येत नव्हता. मी विचारलं, तर पोराची आई म्हणाली, “माग बंद पडले की झोप येत नाही भाऊजी.”

ह्या तिघांतलं कुठलं, हे ओळखायला वहीच उपयोगी पडली. मधे जवळपास महिनाभर शेजाऱ्यांचे माग बंद होते, बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, आला नव्हता म्हणून. त्या महिन्यात वरच्या ओळीतल्या सगळ्या वेतांपुढं आकडे होते, फुल्या नव्हत्या. पत्रा तोच, ट्यूब तीच. शिवाय वरच्या दोन “खाष्ट” माद्या पोरानं मधल्या ओळीत हलवल्या होत्या, तिथं त्यांनी पिल्लं नीट वाढवली होती. म्हणजे स्वभावाचाही दोष नव्हता.

मग आवाज की हादरा? आवाज तर मधल्या ओळीलाही तेवढाच. स्टीलची वाटी पाण्यानं काठोकाठ भरून आधी मधल्या फळीवर ठेवली. पाणी जवळजवळ स्थिर. तीच वाटी वरच्या अँगलवर, फास्टनरच्या जवळ ठेवली आणि पाण्यावर काठापासून मध्यापर्यंत बारीक गोल लाटा धावायला लागल्या, एकामागून एक, अगदी एका ठेक्यात. भिंत माग हलवत होता, भिंतीला रॅकचा वरचा अँगल घट्ट आवळलेला होता, आणि त्या अँगलमधून तो हादरा थेट वरच्या चार टबांत उतरत होता. खाली येईपर्यंत तो विरत जायचा. थोड्या वेळानं वीज गेली, माग थांबले आणि वाटीतलं पाणी आरशासारखं झालं. पोरानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. समजवायला काही उरलं नाही.

व्यायलेली मादी धास्तावली की पिल्लं मारते, हे खरं. पण मेलेलं पिल्लूही ती खाऊन टाकते, घरटं स्वच्छ ठेवायला. त्यामुळं पिल्लू दिसलं नाही म्हणजे आईनंच मारलं असा निवाडा लगेच देऊ नये. इथं माग थांबण्याशी सांधा जुळला म्हणून मी हादऱ्यावर बोट ठेवतो. वहीत तो महिना नसता, तर मीही उकाडा म्हणून मोकळा झालो असतो.

ह्या दोन प्रकरणांत तिसरं लपलेलं होतं, आणि ते पोरानं मला अभिमानानं दाखवलं. मधल्या ओळीतल्या एका पांढऱ्या मादीला करडी पिल्लं झाली होती. नर पांढरा, मादी पांढरी, पिल्लं रानउंदराच्या रंगाची. त्याला वाटलं नवी जात तयार झाली, दुकानदार जास्त पैसे देईल. मी विचारलं, ही मादी कधी सुटली होती का? होय की, दोन रात्री सापडली नव्हती, मग जुन्या मागाच्या खाली मिळाली आणि परत टबात टाकली.

पांढरा रंग हा सुप्त गुण. अशा दोन पांढऱ्यांच्या पोटी रंगीत पिल्लू येत नाही. बाप बाहेरचा होता, शेडमध्ये फिरणारा साधा घरउंदीर. जुन्या मागाचा लाकडी भाग हलवून बघितला, तर मागं सुताच्या गुंत्याचं घरटं आणि त्यात आणखी दोन पांढरे पळपुटे. सुटलेला उंदीर सापडला की पुसून टबात टाकायचा नाही. त्याला वेगळ्या खोलीत, वेगळ्या टबात, निदान दोन-तीन आठवडे ठेवायचं, नाहीतर ठेवायचंच नाही. बाहेरचे उंदीर आणि घुशी लघवीतून लेप्टोस्पायरा हे रोगजंतू सोडतात, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आजीचा विरोध ह्या मुद्द्यावर मला पूर्ण पटला आणि मी तिला तसं सांगितलंही.

मादी सुटली कशी, तर फटीतून. वेल्डिंग करताना लोखंड ओढतं. चार फुटांच्या अँगलवर एका बाजूनं सलग टाके मारत गेलं की थंड होताना तो मधे कमान घेतो. रॅक बाहेरून गुण्यात होता, पण मधल्या ओळीच्या अँगलला मधोमध जवळपास एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उठाव आलेला. त्यात टब सहज सरकावा म्हणून मुळातच एक सूत मोकळं सोडलेलं, आणि ओल्या तुसाच्या वजनानं टबाची कड आणखी थोडी खाली. असं करत मधल्या टबांवर अडीच सूत, म्हणजे आठ मिलिमीटरची फट तयार झाली होती. उंदराला पाव इंच पुरतं. त्याचं डोकं गेलं की अंग जातं. वेल्डरला दोष नाही. त्याच्या धंद्यात एक सूत म्हणजे काहीच नाही, गेट त्याहून जास्त वाकडं असतं आणि पन्नास वर्षं चालतं.

आता माझं मत. ह्या रॅकमध्ये लोखंड, टब, जाळी, निपल, सगळं चांगलं होतं. गोची एवढीच की रॅकला सगळी कामं दिली होती. झाकण रॅकचं, पाणी रॅकचं, आधार भिंतीचा. म्हणून एका ठिकाणचा एका सुताचा दोष चार टबांत पसरत होता, टाकीची उंची खालच्या पिल्लाला गारठवत होती आणि शेजाऱ्याचा माग वरच्या मादीला घाबरवत होता. माझ्या दृष्टीनं रॅकनं फक्त वजन पेलावं. झाकण, पाणी, खाणं हे ज्याचं त्याच्या टबाबरोबर असावं. प्राणीगृहातले पिंजरे तसेच असतात. टबावर स्वतंत्र जाळीचं झाकण, त्या झाकणातच एक खोलगट पाळणा, त्यात एका बाजूला खाद्य आणि दुसऱ्या बाजूला उलटी बाटली. बिघाड झाला तर एका टबात होतो.

पोराला हे सहज पटलं नाही, आणि त्याचं बरोबर होतं. बिनझाकणाच्या रॅकमध्ये जागा वाचते, टब बसवायला दोन सेकंद लागतात, वीस बाटल्या रोज भरायची कटकट नाही. कॉलेजला जाणाऱ्या पोराला हे मोठं आहे. पण बाटलीचा एक फायदा नळाला कधीच येत नाही: किती प्यायलं ते दिसतं. पूर्ण वाढलेला उंदीर दिवसाला पाच-सहा मिलिलिटर पाणी पितो, पाजणारी मादी त्याहून बरीच जास्त. बाटली काल होती तेवढीच दिसली तर नळी तुंबली किंवा प्राणी आजारी, हे एका नजरेत कळतं. नळाच्या लाइनमध्ये हवा अडकून एखादी ओळ कोरडी पडली, तर ते दुसऱ्या दिवशी मेलेल्या उंदरांवरूनच कळतं. शिवाय बिनझाकणाच्या टबात खाणं घालायला रोज टब बाहेर ओढावा लागतो आणि नुकत्या व्यायलेल्या मादीला पहिले काही दिवस अजिबात हलवू नये. बिनझाकणाच्या रॅकच्या जाळीत असा पाळणा बसवता येत नाही, कारण पाळणा टबात खाली उतरतो आणि टब ओढताना टबाची मागची भिंत त्याला अडते. म्हणजे हा दोष कारागिरीनं सुटणारा नव्हता.

शेवटी वाटणी झाली. वरच्या तीन ओळींच्या जाळ्या काढून दोनच ओळी केल्या, म्हणजे उंची मिळाली. तिथं झाकणाचे टब, बाटल्यांसकट. ह्या टबांत जोड्या आणि व्यायलेल्या माद्या. जाळी स्टेनलेसची घेतली. आधीची जस्ताची लघवीनं पांढरी पडून चुरायला लागली होती. खालच्या दोन ओळी पोराच्या आवडीच्या पद्धतीच्याच राहिल्या, बिनझाकणाच्या, नळाच्या, पण फक्त तोडलेल्या पिल्लांसाठी. तिथं फट एका सुतावर आणायला टबाखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सरकवल्या आणि प्रत्येक टब आपापल्या जागेचा केला. नंबर घातले, आता अदलाबदल नाही.

पाण्याचा दाब कमी करायला प्रत्येक ओळीच्या शेजारी, निपलच्या वर वीतभर उंचीवर, एक छोटा डबा बसवला. डब्यात कूलरचा फ्लोट. मोठ्या टाकीतून पाणी डब्यात येतं आणि निपलला फक्त डब्याचा दाब लागतो. दोन्ही ओळींना सारखा. पाइपाला किंचित चढ देऊन शेवटचं टोक उभं उघडं ठेवलं, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते. निपल आत लोंबत होता तो बाहेर घेतला. टबाच्या भिंतीला भोक, भोकाला स्टीलचा वॉशर, कारण भोकाची कड ही कुरतडायची कड, आणि निपल बाहेरून भोकाला टेकलेला. आता गळलं तर जमिनीवर गळतं, दिसतं, आणि घरटं कोरडं राहतं.

भिंतीचे फास्टनर काढले. पण कोसळायची भीती खरी होती, भरलेले चार टब एकदम ओढले तर रॅक पुढं झुकायचाच. त्यावर तोडगा कोपऱ्यातल्या जुन्या मागानं दिला. बीमला ताण द्यायला लावतात ती लोखंडी वजनं पडून होती. ती रॅकच्या तळाच्या चौकटीवर ठेवली. पुढचे पाय वीतभर लांबवले, मागं तिरक्या पट्ट्यांची कैची मारली. पायांखाली कन्व्हेयर बेल्टचे तुकडे. रॅक भिंतीपासून हातभर पुढं. मग पुन्हा तीच वाटी वर ठेवली. माग चालू होते, पाण्यावर अगदी बारीक शहारा होता, लाटा नव्हत्या.

नराबद्दल एक गोष्ट सांगितली जी त्याला नवी होती. तो नर सारखे बदलत होता, एका टबातला दुसऱ्यात. उंदरांत नुकत्या गाभण मादीला अनोळखी नराचा वास लागला तर गर्भ टिकत नाही. हिल्डा ब्रूस यांनी हे १९५९ साली दाखवून दिलं आणि तो परिणाम आजही त्यांच्याच नावानं ओळखला जातो. काही टबांत मादी गाभण वाटून व्यायलीच नाही, त्यातलं काही ह्यातून झालं असावं. एक नर, दोन माद्या, आणि तो नर तिथंच.

जागेचंही माप बघितलं. प्रयोगांसाठीच्या प्राण्यांवर देखरेख करणारी केंद्राची समिती, आधीची सीपीसीएसईए, आताची सीसीएसईए, पंचवीस ग्रॅमच्या वरच्या उंदराला ९६.७ चौरस सेंटिमीटर तळ धरते. त्या हिशोबानं ह्या टबात अकरा बसतात. पण हे सुट्या उंदराचं माप झालं. पिल्लांसकट असलेल्या मादीला ३३० तरी धरावेत, म्हणजे एक नर आणि तीन माद्यांनी टब काठोकाठ भरला. पोरगा तेवढ्याच ठेवत होता, म्हणून दोनच सांगितल्या.

कायद्याचं थोडक्यात. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठीचे २०१८ चे केंद्राचे नियम उंदरांनाही लागू आहेत. त्यांत कुत्र्या-मांजरांबरोबर हॅमस्टर, गिनीपिग आणि उंदीर नावानिशी आहेत, आणि दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते. म्हणून आपण कुणाला विकतो ते बघून विकावं. कॉलेजांना किंवा औषध कंपन्यांना प्रयोगासाठी द्यायचे असतील तर गोष्ट पूर्ण वेगळी, त्याला समितीची नोंदणी असलेलाच पैदासकार लागतो. घरातल्या शेडमधून तो व्यवहार करायचा नाही, कितीही ओळख असली तरी. साप पाळणाऱ्या गिऱ्हाइकाकडं केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवरची नोंद मागायची. परदेशी प्रजातींच्या नोंदणीचे नियम २०२४ मध्ये आले आहेत. आणि गावातला कुणी “धामण पकडलीय, दोन उंदीर दे” म्हणून आला तर द्यायचे नाहीत. आपल्याकडचे साप घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. पोरगा हसला, कारण असा एकजण येऊन गेला होता.

बदलानंतरच्या फेरीत खालच्या ओळींत ओल नाही, पिल्लांचं तोडणं सुरळीत. वरच्या टबांत एक सोडून सगळ्या माद्यांनी पिल्लं डोळे उघडेपर्यंत नेली. ती एक मादी पुन्हा खाऊन बसली. तिला काढून टाकायला सांगितलं. अशी एखादी असतेच. करड्या पिल्लांचं काय करायचं ह्यावर घरात वाद झाला आणि ते सगळं वेत वेगळं काढलं गेलं.

सुटलं नाही ते छताचं. बेळगाव उंचावर, साडेसातशे मीटरच्या आसपास, म्हणून बाहेर हवा बरी असते. पण पत्र्याखालच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी जी आग असते तिला उंची काही करू शकत नाही. उंदराला घामानं अंग गार करता येत नाही आणि तिशीच्या वर पारा राहिला की नराची फळण्याची ताकद घटते. पत्र्याला चुना, खिडकीत उलटा पंखा आणि त्या दोन महिन्यांत वरच्या ओळीत जोड्या नकोत, एवढंच ठरलंय. फॉल्स सीलिंगचा खर्च सध्या ह्या धंद्याला परवडणारा नाही.

आता त्याला दुसरा रॅक करायचाय. उद्यमबागेतल्या मित्राला नवं रेखाटन दिलंय: लांबी तीन फूट, फळीला जाळी नाही, टाके आधी चारी कोपऱ्यांत आणि मग आलटून-पालटून. टब आधी विकत आणून त्याच्या शेडवर नेऊन ठेवायचे आणि मगच अँगल कापायचा, असं मी दोघांनाही सांगितलंय. मागच्या वेळेला रॅक आधी झाला होता आणि त्यात बसतील असे टब नंतर बाजारभर शोधले होते.